मारियोंच्या वहीतली काळी रेघ

प्रश्न उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. तो आधी थोडक्यात देतो. ती गोव्याला गेली होती. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांच्या रंगीत फरशा, मग, पोस्टर्स तिला पावलोपावली दिसली. पण एका दुकानात ती तासभर खिळून राहिली ती त्यांच्या तरुणपणच्या रोजनिश्यांची पुस्तकं आणि परदेशातली रेघचित्रं चाळत. तिचं म्हणणं असं, की यांत रंग नाही, कित्येक चित्रं अर्ध्यावर सोडल्यासारखी वाटतात, तरी मन त्यांच्यावरच जडतं. हे जुन्या गोव्याचं आकर्षण, की खरंच चित्रातच काही आहे? आणि कॉमिक्स काढू बघणाऱ्याने अशी वही बघावी कशी?

चित्रातच आहे. गोव्याचा वाटा आहे, त्याबद्दल पुढे बोलतो, पण तो तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. मी चाळीस वर्षं टाक आणि काळी शाई घेऊन पोट भरत आलो, त्यामुळे माझं उत्तर रेघेपासून सुरू होणार. मला विचाराल तर सगळा फरक एकाच गोष्टीत आहे: रेघ कुणासाठी काढली आहे.

मी कामाला लागलो तेव्हा बरीच मराठी मासिकं लेटरप्रेसवर छापली जात. चित्र छापायचं म्हणजे त्याचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करून घ्यायचा. फोटो किंवा रंगछटा असलेल्या चित्राला हाफटोन ब्लॉक लागे, तो महाग. रेघांच्या चित्राला लाइन ब्लॉक चाले, तो स्वस्त. जस्ताच्या पत्र्यावर चित्राची निगेटिव्ह उतरवायची आणि रेघा सोडून बाकीचा भाग ॲसिडला खाऊ द्यायचा. जे उंच उरतं त्याला शाई लागते, तेच कागदावर उमटतं. म्हणजे एकतर काळं, नाहीतर काहीच नाही. करडं म्हणून जे दिसतं ते डोळ्यांनी रेघा एकमेकींत मिसळून तयार केलेलं. आमच्या पिढीची सगळी काळी-पांढरी चित्रकला या जस्ताच्या पत्र्याच्या शिस्तीत वाढली.

तेव्हा एका दिवाळी अंकातल्या कथेसाठी मी विहीर काढली होती. आतला अंधार दाखवायला बारीक निबने रेघांवर रेघा घातल्या, दोन रात्री बसून. मूळ चित्रात पाण्याची चमक, काठावरची शेवाळ, सगळं दिसत होतं. अंक हातात आला तर विहिरीच्या जागी एक काळा डाग. ब्लॉक भरला होता, रेघांमधल्या फटींत शाई बसून सगळं एक झालं होतं. चूक ब्लॉक करणाऱ्याची नव्हती, माझी होती. चित्र लहान करून छापताना फटी किती उरतील याचा मी विचारच केला नव्हता. त्यानंतर मी शहाणा झालो. चित्र दीडपट मोठं काढायचं, दोन रेघांत ठरलेली फट ठेवायची, अगदी नाजूक रेघ टाळायची कारण ती तुटते, ओली जाड रेघ टाळायची कारण ती पसरते. काम चोख होऊ लागलं. पण पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्याच जुन्या वह्या उघडल्या, तेव्हा लक्षात आलं की छापायच्या कामात माझी रेघ सतत कुणालातरी जपत होती. वहीत ती कुणालाच जपत नव्हती. कोरडी पडलेली, फाटलेली, जोर लावून अचानक सोडलेली, पुसट, दुहेरी, सगळ्या तऱ्हेची रेघ तिथे होती.

तुम्ही मारियोंच्या वह्यांपुढे थांबलात, त्यामागचं पहिलं कारण मला हेच वाटतं.

मारियो जन्मले १९२६ साली दमणला, घर मात्र गोव्यातल्या लोटलीचं. लहानपणी घरच्या भिंतींवर चित्रं काढत म्हणून आईने हातात एक कोरी वही दिली. ती त्यांची रोजनिशी झाली. शाळेत पाद्र्यांची चित्रं काढली म्हणून बोलणी खाल्ली. पुढे मुंबईला सेंट झेवियर्समधून इतिहास घेऊन बी.ए. केलं, घरच्यांच्या इच्छेखातर वास्तुशास्त्राला हात लावला आणि सोडून दिला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण काही नाही. जाहिरातीच्या स्टुडिओत चार वर्षं नोकरी केली, मग ‘इलस्ट्रेटेड वीकली’ आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’. हा क्रम नीट बघा. छापखाना त्यांच्या आयुष्यात आला त्याच्या कितीतरी आधी वही आलेली आहे. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या ज्या रोजनिश्या आता पुस्तकरूपात मिळतात, त्या वेळी ते २३ ते २५ वर्षांचे होते. ना संपादक, ना ब्लॉकवाला, ना वाचक. आज काय झालं ते काढायचं आणि झोपायचं.

यातली एक गोष्ट चित्रकारांनासुद्धा पटकन दिसत नाही. रोजनिशीत अक्षर आणि चित्र शेजारीशेजारी राहतात, एकाच हाताचे, एकाच चालीचे. चित्रकार जेव्हा रंगचित्राची तयारी म्हणून स्केच करतो, तेव्हा ते दुसऱ्या कशाची तरी पूर्वतयारी असतं, त्यातला हात वेगळा असतो. कॉमिक्सवाल्याचं तसं नाही. त्याला लिहिणं आणि काढणं या दोन क्रिया वाटतच नाहीत. ‘मामा आला’ हे लिहायला जेवढा वेळ, साधारण तेवढ्याच वेळात मामाचं पोट, टोपी आणि वाकलेली काठी उतरते. त्यामुळे अशी वही आपण बघता बघता वाचू लागतो, डोळा डावीकडून उजवीकडे सरकत राहतो. पोस्टरपुढे आपण उभे राहतो आणि सगळं एकदम घेतो. वही आपल्याला तिच्या वेगाने चालवते. तुम्ही दुकानात तासभर होतात ते म्हणूनच.

आता रंगाकडे येतो. रंग नाही म्हणजे काहीतरी कमी आहे, असं तुमच्या प्रश्नात गृहीत धरलंय. मला ते मान्य नाही. मारियोंचं गर्दीचं कुठलंही काळं-पांढरं चित्र घ्या. चर्चबाहेरची माणसं असोत, तावेर्नातली, म्हणजे गोव्यातल्या दारूच्या गुत्त्यातली, असोत की मुंबईच्या रस्त्यावरची. रंग नसताना पन्नास माणसं एकमेकांत मिसळून गोंधळ व्हायला हवा, तो होत नाही. का होत नाही ते भिंग घेऊन बघा. एकाच्या शर्टावर चौकडा, शेजारणीच्या झग्यावर ठिपके, तिच्यामागच्याच्या कोटावर उभ्या रेघा, त्याच्यामागे एक पांढराधोप माणूस, आणि मग एकदम पाद्र्याचा भरीव काळा झगा. मिस फोन्सेका ही मारियोंच्या व्यंगचित्रांतली ऑफिसातली सेक्रेटरी. तिच्या झग्यावरचे ठिपके लोकांच्या डोळ्यांत आजही आहेत, पण ते ठिपके शोभेसाठी आलेले नाहीत. ऑफिसच्या चित्रात टेबल, फायली, साहेब, शिपाई या सगळ्या गर्दीत ती आधी दिसावी, याची ती सोय आहे. रंग जे काम करतो ते पोताने केलेलं आहे.

आणि तो भरीव काळा! शिकणाऱ्याने सगळ्यात जास्त अभ्यास करावा असा हा भाग. काळा किती, कुठे आणि किती अंतराने, यावर पान उभं राहतं किंवा पडतं. डोळा चित्रात शिरला की आधी काळ्या डागावर उतरतो, तिथून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा, फोडणीत मोहरी किती टाकायची हे ती मोजून सांगणार नाही, हाताने टाकून दाखवेल. काळ्याचं तसंच आहे. तो हात वहीत तयार होतो, कारण वहीत एखादं पान बिघडलं तरी कुणाचं काही जात नाही. मारियोंच्या पुढच्या छापील कामात जो अचूकपणा दिसतो, त्याची रियाजाची जागा म्हणजे या वह्या.

आर. के. लक्ष्मण आणि मारियो एकाच वृत्तपत्रसमूहात काम करत, दोघंही काळ्या शाईत, पण दोघांची शाई वेगळी. लक्ष्मण ब्रशचे. त्यांचे कावळे आठवा. ब्रश भरून एक फटकारा मारला की पाठ, शेपटी, पंख, सगळं एका दमात. मारियो निबचे. निबला असं करता येत नाही. निब कुरकुरत, खरवडत, तपशील गोळा करत पुढे जाते. म्हणून मारियोंची पानं बारीकसारीक गोष्टींनी भरलेली असतात, कोपऱ्यात कुत्रा, तारेवर कावळा, खिडकीतून डोकावणारी म्हातारी. हत्यार जसं, तशी बघायची सवय लागते. हे मी अनुभवाने सांगतो. ब्रश घेऊन बाजारात गेलो की मला माणसांचे आकार दिसतात, निब घेऊन गेलो की त्यांच्या पिशव्यांवरची अक्षरं दिसतात.

मग ते अर्धवटपण. तुम्ही लिहिलंय की चित्रं अर्ध्यावर सोडल्यासारखी वाटतात आणि तरी आवडतात. त्या ‘तरी’ची गरज नाही. स्वतः काढून बघा म्हणजे कळेल. समोर कौलारू घर आहे. आपण वळचणीपासून सुरुवात करतो. पहिली पाच-सहा कौलं मन लावून, प्रत्येकाची गोलाई, तडा, त्याखालची सावली. पुढची दहा नुसत्या कमानी. मग लाटेसारखी एक रेघ. मग दोन ठिपके, मग कोरा कागद. बघणारा मात्र पूर्ण छप्पर बघतो, कारण पहिल्या सहा कौलांनी त्याला कौल म्हणजे काय ते सांगितलेलं असतं. पुढचं छप्पर तो स्वतः शाकारतो. प्रत्येक कौल तितक्याच निष्ठेने काढलं असतं, तर त्याला करण्यासारखं काही उरलं नसतं, तो नुसता मोजत बसला असता. छापायच्या चित्रात असं सोडून देण्याची हिंमत कमी होते. संपादक विचारतो, हे राहिलंय का? वहीत विचारणारं कुणी नसतं, म्हणून चित्रकार नेमकं तिथे थांबतो जिथे त्याचं कुतूहल संपलं. म्हणजे पानावर रेघा दाट कुठे आणि विरळ कुठे, हे बघून त्या दिवशी त्या माणसाला कशात गोडी वाटली हे कळतं. कुठल्याही पूर्ण केलेल्या चित्रात ही माहिती इतकी उघडी मिळत नाही.

आता जुन्या गोव्याचं बोलू. रोजनिश्या १९४९ ते १९५१ च्या, म्हणजे गोवा मुक्त व्हायला अजून दहा-बारा वर्षं होती. ते घर, ते बल्कांव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, ती लग्नं, ते बँडवाले, हे सगळं बदललेलं आहे. ते बघताना आपला जीव गलबलतो, आणि ज्यांचे आजोबा-आजी त्या गावांतून मुंबईला आले त्यांचा तर नक्कीच. मी ते नाकारत नाही. पण एक पडताळा करून बघता येतो. मारियोंनी जर्मनीतल्या हिवाळ्यावर काढलेल्या रेघचित्रांचं एक पुस्तक आहे. गोठलेली शहरं, कोट-मफलर घातलेली माणसं, उतरत्या छपरांची घरं. त्या जगाशी माझं काही नातं नाही. मी कधी बर्फ पाहिलेला नाही. तरी ती पानं मी कितीतरी वेळा चाळली आहेत. तिथे बर्फ म्हणजे काढलेलंच नसलेलं काहीतरी. भोवती रेघांची गच्च जाळी विणायची आणि मधला कागद तसाच ठेवायचा, की तो कागद थंड वाटू लागतो. त्या पांढऱ्याला मी गावाकडच्या आठवणीने भुललो, असं कुणी म्हणू शकणार नाही.

याहून कडक पडताळा हवा असेल तर रोनाल्ड सर्ल. या इंग्रज व्यंगचित्रकाराचा आपल्यावरचा प्रभाव मारियो मोकळेपणाने सांगत. १९५९ साली गुलबेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर मारियो पोर्तुगालला गेले आणि वर्षभराने लंडनला. तिथे पाचएक वर्षं राहिले. सर्ल यांची शाळकरी पोरींची व्यंगचित्रं तोवर घराघरांत पोचलेली होती. पण सर्ल यांची सगळ्यात मोठी वही त्याआधीची आहे. १९४२ साली सिंगापूर पडलं तेव्हा ते जपान्यांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले, वय वर्षं २१. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर त्यांना जुंपलं, पुढे सिंगापूरमधल्या चांगीच्या तुरुंगात ठेवलं. मिळेल त्या कागदावर ते काढत राहिले. सापडलं असतं तर जिवावर बेतलं असतं. म्हणून चित्रं पटकीने मरायला टेकलेल्या कैद्यांच्या अंथरुणाखाली दडवत, कारण संसर्गाच्या भीतीने पहारेकरी तिकडे फिरकत नसत. अशी सुमारे ३०० चित्रं वाचली. ती आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत.

त्या पानांत परत जावंसं वाटेल असं काही नाही. हाडांचे सापळे झालेले सोबती, ताप, फोड, आणि डोळ्यांतलं पाणी आटलेली तोंडं. तिथे हुरहूर वगैरे काही नाही. तरी ती चित्रं बघताना मान वळवता येत नाही, आणि त्याचं कारण तेच आहे ज्या कारणाने तुम्हाला मारियोंनी काढलेली लग्नाची वरात आवडते. समोर जे आहे त्याच्याकडे एक माणूस लक्ष देऊन बघतोय, आणि त्या बघण्यातलं काही लपवायला किंवा सजवायला त्याच्याकडे ना साधन आहे ना फुरसत. मरणाऱ्या मित्राचा कान काढताना रेघ जरा थांबली, हे कागदावर दिसतं. मी ती चित्रं पहिल्यांदा पुस्तकात पाहिली त्या दिवशी माझ्या हातून काम झालं नाही.

मारियो ११ डिसेंबर २०११ ला लोटलीच्या घरी गेले, सर्ल त्याच महिन्याच्या ३० तारखेला फ्रान्समध्ये. आमच्यासारख्यांना तो महिना विसरता येणं शक्य नाही.

अमेरिकेचे कॉमिक्सकार रॉबर्ट क्रंब यांचं नाव या विषयात यायलाच हवं, कारण वहीलाच कलाकृती मानण्याची चाल कॉमिक्सच्या जगात त्यांनी जितकी रुजवली तितकी क्वचितच कुणी रुजवली असेल. १९६५ च्या सुमाराला त्यांची बल्गेरिया आणि न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीची स्केचबुकं एका मासिकाने वार्तांकन म्हणून छापली होती. १९९१ साली ते कुटुंबासकट दक्षिण फ्रान्सला राहायला गेले, तेव्हा तिथलं घर त्यांनी सहा स्केचबुकांच्या बदल्यात घेतलं. त्यांच्या मजकुरातलं बरंच काही मला स्वीकारता येत नाही, स्त्रियांच्या बाबतीतलं तर अजिबात नाही. पण रस्त्यावरचे विजेचे खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, जे आपण बघूनही बघत नाही, ते त्यांनी ज्या चिकाटीने रेघेत आणलं ते शिकण्यासारखं आहे. आपल्याकडच्या गल्लीत तारांचं जे जाळं लोंबतं ते काढायला बसलात तर मला काय म्हणायचंय ते कळेल.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर मी वहीची आरती ओवाळतोय असं होईल. वहीतलं सगळंच चांगलं नसतं. मोठ्या चित्रकाराचं नाव झालं की त्याची प्रत्येक चिठोरी छापली जाते, आणि त्यातली कित्येक पानं नुसती हात मोकळा करायची असतात. त्यांच्यात गूढ शोधत बसू नका. मारियोंच्या उत्तरायुष्यातल्या शहरांच्या चित्रांत आडव्या-उभ्या रेघांची जाळी कधीकधी इतकी घट्ट होते की इमारत मस्त उभी राहते, पण हवा कोंडते. माझं हे मत अनेकांना पटत नाही. मला त्यांची सैल रेघ जास्त प्रिय आहे, जिथे माणसाचं नाक काढून झाल्यावर त्याच झोकात शेजारच्या कुत्र्याची शेपटी येते.

आणखी एक. हल्ली मोबाइलवर जी स्केचबुकं दिसतात, त्यांतली बरीचशी दाखवण्यासाठीच भरलेली असतात. प्रत्येक पान सजवलेलं, कोपरे मोजलेले, एकही रेघ चुकलेली नाही. ती मेहनतीची असतात, सुंदर असतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण तीसुद्धा छापायचीच रेघ आहे, फक्त छापखाना बदलला. तुमच्या वर्गातल्या मुलांनी निदान एक वही अशी ठेवावी जिचा फोटो कुणालाही जाणार नाही. टॅबलेटवर काढायला माझी हरकत नाही, मीही काढतो. पण तिथे चुकलेली रेघ नाहीशी होते, आणि चूक केलीच नव्हती असं हाताला वाटू लागतं. शाईत चुकलेली रेघ राहते आणि तिच्याशी जमवून पुढचं चित्र काढावं लागतं. नाक लांब झालं? मग हा लांब नाकाचा माणूस. पुष्कळ पात्रं अशीच जन्माला येतात.

आता बघायचं कसं, ते. आवडलेल्या चित्रातला एक इंच चौकोन निवडा. जास्त नको. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि बिलोरी भिंगातून बघत टाकाने प्रत्येक रेघ तिच्याच दिशेने ओढा. दिशा कशी कळते? निबची रेघ जिथे सुरू होते तिथे शाईचा बारीक थेंब साचतो, जिथे सुटते तिथे ती निमुळती होते. हे एकदा ओळखता आलं की चित्रकाराचा हात कसा फिरत होता ते दिसू लागतं. टाक दौतीत बुडवून आल्यावरची पहिली रेघ ओली आणि काळीभोर असते, मग हळूहळू बारीक, कोरडी, मधे तुटक, आणि मग पुन्हा काळीभोर. म्हणजे तो कितव्या रेघेला थांबला, दौतीकडे वळला, परत आला, हे सगळं मोजता येतं. रोट्रिंगसारख्या पेनने काढलेलं असेल तर ही उठबस दिसणार नाही, रेघ सगळीकडे सारख्या जाडीची येईल. तिथे दिशा आणि अंतर यांवर लक्ष ठेवा. तो एक इंच तुम्हाला तासभर पुरेल. मी माझ्या उमेदवारीत असे कितीतरी चौकोन केले, आणि शिकवणी म्हणून मला त्याहून चांगलं काही मिळालं नाही.

मारियोंचे टपोरे डोळे, टोकदार नाकं यांची नक्कल करू नका. ती त्यांची सही आहे, तुमच्या हातात ती उसनी दिसेल. नक्कल करायची तर दोन माणसांमध्ये ते किती कागद सोडतात त्याची करा. भरीव काळा पानावर किती ठिकाणी आहे ते मोजा. तीन? पाच? त्यातला एक बोटाने झाका आणि पान कुठे कलतं ते बघा.

आणि वही घेऊन बाहेर पडा. परवा मिरज जंक्शनवर गाडी उशिरा होती. गाठोड्यावर डोकं टेकून एक आजी झोपल्या होत्या. मी पायापासून सुरुवात केली, भेगाळलेली टाच, अंगठ्यातलं जोडवं, लुगड्याचा काठ. गुडघ्यापर्यंत आलो आणि गाडी लागली. आजी उठून गेल्या, गाठोडंही गेलं. आता पानावर एक टाच आहे, एक जोडवं आहे, काठाची नक्षी आहे आणि वर अर्धं पान कोरं. घरी येऊन ते पुरं करावं का, असं क्षणभर वाटलं. केलं नाही. त्या आजींचा चेहरा माझ्या लक्षात नाही, आणि जो काढला असता तो खोटा झाला असता. खाली तारीख आणि स्टेशनचं नाव घातलं. माझ्या मुलीने ते पान पाहिलं आणि विचारलं, “या बाई कुणाची वाट बघत होत्या?”

तुम्ही पुन्हा गोव्याला गेलात तर पर्वरीजवळ तोर्ड्याला मारियो गॅलरी आहे, तिथे सावकाश वेळ काढून जा. शक्य असेल तर छापील प्रतीबरोबर मूळ रेघ बघायला मिळते का विचारा. मूळ कागदावर काळं सगळीकडे सारखं काळं नसतं, कुठे ते तपकिरीकडे झुकतं, कुठे शाई कागदाच्या धाग्यात उतरून कडा मऊ झालेली असते, कुठे पांढऱ्या रंगाने केलेली दुरुस्ती तिरप्या उजेडात उंच दिसते. मान थोडी खाली घालून, खिडकीच्या बाजूने बघा.